सायकल की धावणे? हाडांना विचारून पाहा

रत्नागिरीत भाट्याच्या पुलावर सकाळी सहाच्या सुमारास उभे राहिले की हल्ली दोन पंथ दिसतात. एक चाकांवरचा, दुसरा पायांवरचा. डोक्याला हेल्मेट बांधलेली मंडळी पुलावरून पुढे निघून पावसच्या रस्त्याने सडा चढू लागतात. चड्डी-बनियनवाले पूल संपताच सुरूच्या झाडांतून खाली पुळणीवर उतरतात आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवरून धावू लागतात. पंचवीस वर्षांपूर्वी या वेळेला इथे दिसायचे ते मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बाया, दुधाच्या किटल्या, आणि काठी टेकत वारा खायला आलेले एक-दोन पेन्शनर. आता चिपळूण, दापोलीपर्यंत सायकलवाल्यांचे क्लब झाले आहेत आणि रत्नागिरीत अर्धमॅरेथॉन भरते. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्याची डोंगरावरची २०१२ साली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली सायकलवरून अख्खी अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पुरी केली, तेव्हा आमच्याकडच्या कित्येकांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या. थोडक्यात, हे वारे आता खेड्यापाड्यांपर्यंत पोचले आहे, आणि ते चांगलेच आहे.

मी चाकांच्या पंथातला. बँकेतून २०२० च्या मे महिन्यात निवृत्त झालो तो नेमका टाळेबंदीत. निरोपसमारंभसुद्धा झाला नाही. शाल आणि नारळ शिपायाने घरी आणून दिला आणि लांबूनच नमस्कार केला. अडतीस वर्षांच्या खुर्चीने वजन अठ्ठ्याहत्तर किलोवर नेऊन ठेवले होते. म्हणून गिअरची सायकल घेतली. दोन वर्षांत एकाहत्तरवर आलो. जिने चढताना लागणारा दम गेला, रक्तदाबाची गोळी अर्धी झाली. माझे एक मित्र गणिताचे निवृत्त शिक्षक, ते पायांच्या पंथातले. भरती-ओहोटीचे कोष्टक खिशात ठेवून धावायला जाणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दर रविवारी मांडवीवर चहा घेताना आमचा वाद ठरलेला. ते म्हणत, “सायकल म्हणजे बसून केलेला व्यायाम. बँकेतली सवय सुटत नाही तुमची.” मी म्हणे, “सर, गुडघे झिजले की या माझ्या कॅरिअरवर.”

परवाच्या ऑगस्टमध्ये या वादाला वेगळेच वळण लागले. आमच्या घरापासून खालच्या रस्त्यापर्यंत चिऱ्यांची पाखाडी आहे. पावसात तिच्यावर शेवाळ धरते हे बालपणापासून माहीत असूनही मी घाईने उतरलो, घसरलो आणि हातावर पडलो. मनगट मोडले. पडणे फार मोठे नव्हते. तेवढ्यावरून पोर उठून पळाले असते. म्हणून प्लास्टर निघाल्यावर कोल्हापूरला भाच्याकडे गेलो असताना त्याने हट्टाने माझ्या हाडांची घनता मोजून घेतली. ‘आलोच आहोत तर’ म्हणून सौ.चीही. या तपासणीत डेक्सा नावाचे यंत्र तुमच्या हाडांची तुलना धडधाकट तरुण माणसाच्या हाडांशी करते. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे घनता कमी, आणि उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे हाडे ठिसूळ, अशी जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली घालून दिलेली रेषा आहे. माझ्या कण्याचा आकडा उणे दोन पूर्णांक दोन आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यातली उणे शिल्लक पाहिलेल्या माणसाला स्वतःची पाहताना काय वाटते, ते तेव्हा कळले.

डॉक्टरांनी विचारले, “व्यायाम काय करता?” मी जरा छाती काढूनच म्हटले, “आठवड्याला शंभर किलोमीटर सायकल.” ते म्हणाले, “उत्तम. आणि त्याशिवाय?”

त्या ‘आणि त्याशिवाय’ने मला वर्षभर कामाला लावले. पुस्तके, शोधनिबंध, भाच्याने काढून दिलेले कागद, जे मिळेल ते वाचले.

आधी वजनाचे पाहू, कारण दहापैकी आठ माणसे त्यासाठीच घराबाहेर पडतात. इथे दोन्ही पंथांची भांडणे बरीचशी फुकाची आहेत. धावणाऱ्याचा हिशेब सोपा: दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला की साडेतीनशे. त्याला लागतात चाळीसएक मिनिटे. तेवढ्याच वेळात तोच माणूस तासाला सोळा-अठरा किलोमीटरच्या गतीने सायकल चालवील तर सव्वातीनशेच्या आसपास. म्हणजे फरक चहात टाकलेल्या साखरेइतका. मात्र सायकल हळूहळू, गप्पा मारत चालवली तर खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि रत्नागिरीसारख्या चढउताराच्या गावात उतारावर तर पॅडल मारावेच लागत नाही. उलट सायकलवर साठीतला माणूस दोन तास सहज काढतो. दोन तास धावणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज पाच किलोमीटर धावणाऱ्याला त्या जाळायला बावीस दिवस लागतात, तेही परतीच्या वाटेवर बटाटेवडा आडवा आला नाही तर. वजन मुख्यतः ताटात कमी होते. माझी सात किलो सायकलने उतरली असे मी चारचौघांत सांगतो. पण त्याच काळात रात्रीचा भात बंद झाला होता, हे सौ.ला माहीत आहे.

शिवाय नुसता काटा पाहून हुरळून जाऊ नये, याला एक पुणेरी दाखला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचा फोटो शेजारीशेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण हिंदी माणसे हडकुळी दिसतो आणि आत लोणी बाळगून असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेली, त्याचे एक मूळ इथे आहे. तेव्हा काट्यावर दोन किलो कमी झाले याला फार अर्थ नाही. चरबी गेली की स्नायू गेला, हा खरा प्रश्न. उपासतापास करून नुसते धावणारे कित्येकदा स्नायूच खर्च करून बसतात.

हृदयाच्या आणि दमाच्या बाबतीतही दोघांना सारखेच गुण द्यावे लागतात. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातल्या माणसांचा पिढ्यान्‌पिढ्या पाठपुरावा करून दोन अभ्यास झाले. २००० सालच्या अभ्यासात सायकलने कामावर न जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सायकलवाल्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी अधिक दिसले. २०१५ सालच्या अभ्यासात सर्वांत कमी मृत्यू दिसले ते आठवड्याला एक ते अडीच तास, हळू आणि मध्यम गतीने धावणाऱ्यांत. जिवाच्या आकांताने धावणाऱ्यांना त्याहून काही अधिक पदरात पडले नव्हते. आमच्या मास्तरांना हे दाखवले तेव्हा त्यांनी ‘डेन्मार्क सपाट आहे’ एवढाच शेरा मारला.

गुडघ्यांच्या बाबतीत मात्र मला माझे शब्द मागे घ्यावे लागले. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार जमिनीकडून उलटून वर येतो, हे खरे. पण त्यामुळे गुडघे झिजतातच, हे खरे नाही. २०१७ साली लाखाहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. हौसेने धावणाऱ्यांपैकी साडेतीन टक्क्यांना खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात होता. बसून राहणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांना. आणि स्पर्धांत धावणाऱ्यांपैकी तेरा टक्क्यांना. आता ज्याचे गुडघे मुळात दुखतात तो धावायला जातच नाही, ही पळवाट या आकड्यांत आहेच. पण रोज थोडे धावल्याने वंगण संपते, ही आपली समजूत बसून राहणाऱ्यांनी बसून राहण्यासाठी काढलेली असावी. मास्तरांचा गुडघा गेल्या वर्षी दुखावला तो धावण्याने नव्हे, पुळणीच्या उताराने. समुद्राकाठची वाळू एका बाजूला कललेली असते. रोज एकाच दिशेने धावले की एक पाय कायम खाली पडतो. आता ते जाताना आणि येताना सारखेच अंतर धावतात. नव्वद किलोच्या माणसाने मात्र पहिल्या दिवशीच धावू नये; त्याने आधी चालावे, नाहीतर सायकल घ्यावी, हे सायकलचे मोठेपण कुणी हिरावून घेऊ शकत नाही. चाळिशी उलटलेल्या, विशेषतः घरात हृदयविकार असलेल्या माणसाने आधी डॉक्टरांना दाखवावे. जिम फिक्स या अमेरिकन लेखकाने १९७७ साली धावण्यावर पुस्तक लिहून लक्षावधी लोकांना रस्त्यावर आणले. १९८४ साली तो धावतानाच वारला, तेव्हा त्याचे वय होते अवघे बावन्न. त्याचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. मी तेव्हा बँकेत नवाच लागलो होतो; ती हकीकत वाचून आमच्या साहेबांनी सकाळचे फिरणेही बंद केले होते. भलत्या गोष्टीवरून भलता बोध घेण्याची आपली हातोटी जुनी आहे.

इतके सगळे होऊन सामना बरोबरीत सुटला असता. पण हाडांनी तो सुटू दिला नाही.

हाड म्हणजे भिंतीतला चिरा, एकदा बसवला की बसवला, अशी माझी कल्पना होती. ती चुकीची निघाली. हाडात मोडणाऱ्या पेशी आणि बांधणाऱ्या पेशी रात्रंदिवस काम करीत असतात, आणि बांधकाम कुठे करायचे हे ठरते भार कुठे पडतो त्यावर. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ याने १८९२ सालीच हे मांडले. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेटच्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट अंतराळात, जिथे भारच नाही, तिथे खुब्याचे हाड महिन्याला एक-दीड टक्क्याने विरते. अंतराळवीरांकडे व्यायामाला सायकल होती, पण सायकलीने ती गळती थांबेना. शेवटी २००८ साली जोर लावून वजने उचलल्यासारखा व्यायाम करण्याचे भक्कम यंत्र वर पाठवावे लागले.

पृथ्वीवरही सायकलची तीच अडचण आहे. सीटवर बसलो की शरीराचे ओझे सीट पेलते. हाडांना वाटते, आज सुट्टी. अमेरिकेत २००३ साली पन्नाशीच्या आसपासच्या, वर्षानुवर्षे शर्यतींत उतरलेल्या सायकलपटूंची हाडे तपासली, तर ती त्यांच्या वयाच्या साध्या माणसांपेक्षाही विरळ निघाली. मिसुरी विद्यापीठाने २००८ साली हौशी सायकलवाले आणि धावणारे पुरुष शेजारी ठेवून पाहिले. सायकलवाल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या कण्यात किंवा खुब्यात घनता कमी होती, धावणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांच्या. अभ्यास लहान, चाळीसेक माणसांचा. पण दिशा तीच. माझ्या बाबतीत सायकलने हाडे झिजवली असे मी म्हणणार नाही. पाच वर्षांत ती एवढे कुठून करणार? ती खुर्चीने झिजवली होती. सायकलने ती वाचवली नाहीत, इतकेच. आणि मी मात्र ‘आपला व्यायाम होतो आहे’ या समाधानात होतो.

मास्तरांना हे सांगताना मला जड गेले. त्यांनी मात्र विजयी मुद्रा केली नाही, कारण पुढचा कागद त्यांच्याही विरुद्ध होता. रुबिन आणि लॅनियन या दोन संशोधकांनी १९८४ साली पक्ष्याच्या पंखातल्या हाडावर ठराविक भार रोज देऊन पाहिला. दिवसाला चार वेळा भार दिला की हाडाची झीज थांबली. छत्तीस वेळा दिला की हाड वाढले. पण अठराशे वेळा दिला तरी छत्तीसपेक्षा अधिक वाढले नाही. हाड लवकर कंटाळते. त्याला थोडा, जोराचा, बदलता भार हवा असतो. त्याच तालात पाच हजार पावले धावत राहण्याने हृदय खूश होते, हाडाचे समाधान पहिल्या काही मिनिटांतच होऊन गेलेले असते. आणि ते समाधान पायांपुरते व खुब्यापुरते. मनगटाला धावण्याचा पत्ताही लागत नाही.

मग उरते काय? उरते ते आपल्याकडे होतेच. बैठका, जोर, दोरीवरच्या उड्या, लंगडी. याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांनी पुण्यात कॉलेजचे पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, ते तालीम करून आणि पोहून. गौरी-गणपतीत बायका फुगडी घालतात, ती जरा निरखून पाहावी: उडी आहे, भार आहे, तोल आहे, हातांची ओढ आहे. वर्षातून दोन रात्री न घालता आठवड्यातून दोनदा घातली असती तर डॉक्टरांना सांगण्यासारखे थोडे कमीच उरले असते.

आता मुख्य गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली. सौ.चा आकडा माझ्याहून वाईट आला होता. उणे दोन पूर्णांक आठ.

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांची घनता दहा ते वीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते. तिशीपर्यंत जी पुंजी जमली तिच्यावरच पुढचे सगळे काढावे लागते, आणि आपल्याकडे मुलींच्या वाट्याला दूध शेवटी येते व उन्हात खेळणे लवकर संपते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ऐंशी हजारांनी घटली. तरुण मुंबई-पुण्याला, मागे मोठ्या घरांत वयस्क बायका, निसरडे मागीलदार आणि कठडे नसलेल्या पाखाड्या. माझी आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. आयुष्यभर विहिरीवरून कळशा वाहिलेली बाई, पण सात बाळंतपणे झालेली आणि घरच्यांचे झाल्यावर उरलेले जेवणारी. आठ महिने अंथरुणावर होती. आम्ही ‘वय झालं’ म्हणालो.

म्हणून एका रविवारी मी भाट्यावर दोन्ही पंथांची डोकी मोजली. चोपन्न पुरुष, नऊ बायका. त्या नवांत पन्नाशीपुढच्या दोन. वाद घालतो आहोत आम्ही. हाडे मोडणार आहेत घरी चहा टाकणारीची. पाच वर्षांत मी हिला एकदाही ‘चल’ म्हटले नव्हते. हे मी बोलून दाखवले तेव्हा ती नारळ किसत होती. म्हणाली, “अहो, म्हटलं असतंत तरी सहाला आले नसते. पाणी साडेसहाला येतं.”

ऑस्ट्रेलियात घनता कमी झालेल्या शंभरएक प्रौढ बायकांवर एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१७ साली आला. निम्म्यांना आठवडयातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकारांच्या देखरेखीखाली जड वजने उचलायला आणि उड्या मारायला लावले. आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याहून अधिक घटली. हे घरच्या घरी करायचे नाही. उणे दोन पूर्णांक आठवाल्या बाईने वाचून उड्या मारल्या तर भलतेच व्हायचे. डॉक्टरांनी हिला औषध दिले, ड जीवनसत्त्व दिले, आणि व्यायामतज्ज्ञाकडे पाठवले. तिथून ती शिकून आली ते असे: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, टाचा उचलून खाली सोडणे, एका पायावर उभे राहणे, पायऱ्या चढणे. कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाचणीची भाकरी परत सुरू झाली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. लहानपणी ती गरिबाघरची म्हणून आम्ही नाके मुरडली होती. मांदेली काट्यासकट खायची असते, हे मात्र कोकणात कुणाला शिकवावे लागत नाही.

मी सायकल सोडलेली नाही. आठवड्यातून तीन दिवस ती, दोन दिवस बैठका, आणि मास्तरांबरोबर थोडे धावणे, तेही दोन्ही दिशांना सारखे. मास्तरांनी बैठका सुरू केल्या, पण नातवंडांसमोर घालत नाहीत. पाखाडीला एका बाजूने कठडा बसवावा म्हणून आळीतल्या चौदा घरांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे, आणि तोवर शेवाळ आम्हीच ब्लीचिंग पावडर टाकून घासतो.

पाणी भरून झाले की सातला ही निघते. दोन्ही हातांत वाळू भरलेल्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्या. मी मागून पायऱ्या मोजत चढतो. परवा वर आल्यावर मी म्हटले, “एकोणचाळीस.”

“त्रेचाळीस आहेत,” ती म्हणाली. “लग्न होऊन आले त्या दिवशीच मोजल्यात.”